विश्लेषण : नेल्सनचे एमाला लिहिलेले शेवटचे पत्र अपुरे का राहिले? त्या पत्राचे आणि तिचे पुढे काय झाले?

ट्रफाल्गारच्या लढाईत २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ब्रिटिश आरमाराचा सेनापती व्हाइस ॲडमिरल होरेशिओ नेल्सन मारला गेला. लढाई ब्रिटनने जिंकली आणि नेल्सन राष्ट्रपुरुष झाला. लंडनच्या ट्रफाल्गार चौकातल्या उंच खांबावर आजही तो उभा आहे. त्याच्या जहाजावरील मेजावर मात्र एक पत्र उघडे पडले होते. लढाईच्या दोन दिवस आधी सुरू केलेले हे पत्र पुरे झालेच नाही. ते ज्या एमा हॅमिल्टनसाठी होते, ती त्याची पत्नी नव्हती. लोहाराच्या घरात जन्मलेली, घरकाम करत लंडनला आलेली आणि आपल्या अंगच्या कलेमुळे युरोपभर गाजलेली ती एक कलावंत होती. नेल्सनच्या पत्नीला आणि भावाला सरकारकडून पैसा मिळाला, पदव्या मिळाल्या. एमाच्या हाती राहिले ते हे पत्र.

पत्रात नेमके काय आहे?

पत्राच्या माथ्यावर जहाजाचे नाव ‘व्हिक्टरी’, तारीख १९ ऑक्टोबर १८०५ आणि दुपारची वेळ आहे. स्पेनचे कादिझ बंदर तिथून १६ लीग, म्हणजे साधारण ९० किलोमीटर दूर असल्याची नोंदही आहे. जहाजाची जागा पत्रावर टिपून ठेवणे ही दर्यावर्दीची सवय. मजकूर सुरू होतो तो एमाला लाडाने साद घालून. लगेच बातमी येते : शत्रूचे संयुक्त आरमार बंदराबाहेर पडत असल्याचा इशारा मिळाला आहे, पण वारा फार कमी आहे, त्यामुळे उद्याच्या आत त्यांची गाठ पडण्याची आशा नाही.

त्यानंतरची चार-पाच वाक्ये पुढे दोनशे वर्षे सांगितली गेली. देवाने आपल्याला यश द्यावे, असे नेल्सन लिहितो. काहीही झाले तरी आपले नाव तुला आणि होरेशियाला कायम प्रिय राहील याची काळजी आपण घेऊ, आणि तुम्हा दोघींवर आपले स्वतःच्या जिवाइतके प्रेम आहे, असेही लिहितो. लढाईपूर्वीचे आपले शेवटचे लिखाण तुझ्यासाठी आहे, तेव्हा लढाई झाल्यावर हे पत्र पुरे करायला आपण जिवंत असू, अशी आशा तो व्यक्त करतो. होरेशिया ही त्या दोघांची मुलगी. तेव्हा ती पाचवे वर्ष पुरे करायच्या बेतात होती. त्याच दिवशी त्याने तिलाही एक छोटे पत्र लिहिले.

२० ऑक्टोबरला तो पुन्हा लिहायला बसला. या दिवसाचा मजकूर निराळाच आहे, त्यात प्रियकर मागे पडतो आणि सेनापती बोलू लागतो. वारा पुरेसा पश्चिमेकडून नसल्याने शत्रूला ट्रफाल्गारजवळचे उथळ पाणी टाळून पुढे येता आले नाही. मोजणीत चाळीस युद्धनौका दिसल्या; त्यांतल्या ३४ मोठ्या लढाऊ आणि सहा फ्रिगेट असाव्यात. सकाळी काही जहाजे कादिझच्या दीपगृहाजवळ दिसली, पण हवा इतकी जोराची आणि दाट आहे की रात्रीपूर्वी ती बंदरात परततील असे वाटते. देव आपल्याला या मंडळींवर विजय देवो आणि शांतता मिळवून देवो, इतके लिहून मजकूर थांबतो. खाली निरोपाचे शब्द नाहीत, सहीही नाही.

त्याचे आकडे किती बरोबर होते? फ्रान्स आणि स्पेनच्या संयुक्त ताफ्यात ३३ मोठ्या लढाऊ नौका, पाच फ्रिगेट आणि दोन छोटी ब्रिग जहाजे होती. म्हणजे बेरीज नेमकी चाळीस. धुक्यात, वाऱ्यात, दुर्बिणीतून आणि निशाणांच्या इशाऱ्यांवरून केलेली ही मोजणी. चुकला तो एकच अंदाज, तो म्हणजे शत्रू बंदरात परतेल हा. फ्रेंच सेनापती व्हिलनव्ह परतला नाही. दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या २७ जहाजांशी त्याची गाठ पडली.

कोण होती एमा?

तिचे मूळ नाव एमी लायन. इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील नेस या खेड्यातली तिची बाप्तिस्म्याची नोंद १२ मे १७६५ची आहे. वडील हेन्री लोहार होते. ती अवघ्या दोन महिन्यांची असताना ते वारले. आजीने तिला वेल्समधल्या हॉर्डन गावी वाढवले. शाळा अशी झालीच नाही, आणि तिच्या पत्रांतले शुद्धलेखन अखेरपर्यंत तिच्या बोलण्यासारखेच वळत राहिले. बाराव्या-तेराव्या वर्षी ती घरकामाला लागली, मग लंडनला आली. तिथे ती एकामागून एक श्रीमंत पुरुषांच्या आश्रयाला राहिली. त्यांतल्या चार्ल्स ग्रेव्हिल याने तिला चित्रकार जॉर्ज रोमनीकडे नेले. रोमनीने तिची डझनावारी चित्रे काढली. कधी ती सूत कातणारी होती, कधी ग्रीक देवता, कधी जादूगारीण. पुढे तिच्या कलेला जे वळण लागले त्याची तालीम बहुधा इथेच झाली, कारण चित्रकारासमोर तासन्‌तास एका भावात स्थिर राहायचे म्हणजे काय हे ती इथे शिकली.

१७८६ मध्ये ग्रेव्हिलला श्रीमंत घरात लग्न करायचे होते, एमाची अडचण होऊ लागली. त्याने तिला नेपल्सला आपल्या मामाकडे, तिथले ब्रिटिश राजदूत सर विल्यम हॅमिल्टन यांच्याकडे, पाठवून दिले. सुट्टीसाठी जात आहोत असे तिला वाटत होते. आपल्याला मामाच्या हवाली केले आहे हे नंतर कळल्यावर तिने ग्रेव्हिलला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. वाचणाऱ्याच्या मनातून ग्रेव्हिल कायमचा उतरतो.

सर विल्यम हा मात्र वेगळा माणूस होता. व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा अभ्यासक, प्राचीन ग्रीक कलशांचा संग्राहक. त्याने एमाला गाणे, फ्रेंच, इटालियन शिकवण्याची सोय केली. ६ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये त्यांनी रीतसर लग्न केले. लोहाराची मुलगी ‘लेडी हॅमिल्टन’ झाली आणि पुढे नेपल्सची राणी मारिया कॅरोलिना, म्हणजे मारी आंत्वानेतची बहीण, हिची जिवलग मैत्रीणही झाली.

तिची कला कोणती होती?

एमाच्या प्रयोगांना ‘ॲटिट्यूड्स’ म्हणत. शाळेच्या स्नेहसंमेलनातला टॅब्लो आठवला तर थोडी कल्पना येईल, मात्र इथे सगळा टॅब्लो एकटी बाई उभा करत असे आणि तो क्षणाक्षणाला बदलत असे. अंगात साधा सैलसर ग्रीक पद्धतीचा पोशाख, केस मोकळे, हातात दोन-तीन शाली. शाल डोक्यावर ओढली की ती शोक करणारी विधवा, खांद्यावरून भिरकावली की मदाने नाचणारी ग्रीक युवती, छातीशी धरली की मुलाला वाचवणारी आई. संवाद नाहीत, देखावा नाही. प्रेक्षकांनी पुतळा किंवा पुराणकथा ओळखायची आणि ओळखेपर्यंत ती पुढच्या भावात गेलेली असायची.

जर्मन कवी गटे (गोएथे) मार्च १७८७ मध्ये कॅसर्टाला हॅमिल्टन यांच्या घरी हे प्रयोग पाहून भारावला आणि आपल्या इटलीच्या प्रवासवर्णनात त्याने त्यांची नोंद केली. फ्रीड्रिख रेहबर्ग या चित्रकाराने एमाच्या मुद्रांची रेखाटने काढली, ती १७९४ मध्ये छापली गेली. १८००च्या शरद ऋतूत ड्रेस्डेनला मेलेसिना ट्रेंच या बाईंनी तिला पाहिले. एमाच्या रूपाबद्दल आणि वागण्याबद्दल त्यांनी रोजनिशीत अगदी बोचरे लिहिले, पण प्रयोगाची तारीफ त्यांनाही टाळता आली नाही. ती गायिकाही होती. त्याच वर्षी ऑस्ट्रियातील आयझेनश्टाट येथे प्रसिद्ध संगीतकार हायडनच्या उपस्थितीत ती गायली.

एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. एमाची कला तिकिटाच्या रंगभूमीवरची नव्हती. ती राजदूताच्या दिवाणखान्यात, निमंत्रितांसमोर होत असे. त्यामुळे ‘नटी’ म्हणून तिला कुणी पैसे दिले नाहीत, आणि ‘लेडी’ म्हणून कुणी पुरते स्वीकारलेही नाही. पुढे तिची जी आर्थिक परवड झाली, तिचे मूळ या अधांतरी जागेत शोधता येते.

सेनापती आणि कलावंत कुठे भेटले?

१ ऑगस्ट १७९८ रोजी नेल्सनने इजिप्तच्या किनाऱ्यावर, नाईलच्या मुखाशी, नेपोलियनचे आरमार उद्ध्वस्त केले. सप्टेंबरात तो नेपल्सला आला तेव्हा शहराने त्याला डोक्यावर घेतले. एमा त्याला पाहून जहाजावरच भोवळ येऊन पडली. ही भोवळ खरी की ‘ॲटिट्यूड’, याची चर्चा तेव्हाही झाली. नेल्सनचा चाळिसावा वाढदिवस २९ सप्टेंबरला तिनेच थाटात केला. कॉर्सिकातील कॅल्व्ही येथे १७९४ मध्ये त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती, १७९७ मध्ये तेनेरीफ बेटावर उजवा हात गेला होता. तो कृश होता, तापाने बेजार होता, आणि त्याची पत्नी फ्रान्सिस इंग्लंडमध्ये होती.

या लढाईचा मुंबईशी थेट संबंध आहे. नेपोलियन इजिप्तमार्गे हिंदुस्थानावर चालून येणार अशी धास्ती ईस्ट इंडिया कंपनीला होती. म्हणून विजयानंतर नेल्सनने लेफ्टनंट डुव्हाल या अधिकाऱ्याला सीरिया, इराकमार्गे खुष्कीने मुंबईला धाडले आणि मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याला स्वतः पत्र लिहून ही बातमी कळवली. कंपनीने कृतज्ञतेपोटी नेल्सनला दहा हजार पौंड दिले. मुंबई त्याला अनोळखी नव्हतीच. किशोरवयात ‘सीहॉर्स’ या जहाजावर तो हिंदी महासागरात होता, आणि मलेरियाने मरणाच्या दारात पोहोचल्यावर १७७६ मध्ये ‘डॉल्फिन’ या जहाजातून मुंबईहूनच त्याला मायदेशी पाठवण्यात आले होते.

डाव्या हाताची पत्रे

तेनेरीफला हात कापल्यानंतर दोन-तीन दिवसांतच नेल्सनने डाव्या हाताने आपल्या वरिष्ठाला पत्र लिहिले. हा माझा पहिलाच प्रयत्न, वेडेवाकडे अक्षर माफ करा, असे त्यात आहे. आधीचे अक्षर उजवीकडे कललेले आणि वळणदार. नंतरचे सरळ, टोकदार, एकमेकांपासून सुटलेले. एमाला लिहिलेली सर्व पत्रे या दुसऱ्या अक्षरात आहेत, कारण ती त्याच्या आयुष्यात आली तेव्हा उजवा हात उरलाच नव्हता. पिसाच्या लेखणीने, डुलत्या जहाजावर, एका डोळ्याने लिहिणारा हा माणूस कचेरीतला पत्रव्यवहार चिटणिसांकरवी करून घेई. एमाला मात्र स्वतःच लिही.

त्यालाही कारण होते. ही पत्रे दुसऱ्याच्या हाती देण्यासारखी नव्हती. १८०१च्या जानेवारीअखेर लंडनमध्ये पिकॅडिलीवरच्या हॅमिल्टन यांच्या घरात एमाला मुलगी झाली. सर विल्यम त्याच घरात होते. तिला काही दिवसांत एका दाईकडे ठेवण्यात आले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलीचे आडनाव ‘थॉम्पसन’ लावले आणि जन्मतारीख २९ ऑक्टोबर १८०० अशी खोटी लिहिली. त्या तारखेला एमा इंग्लंडमध्ये नव्हतीच, त्यामुळे संशय दुसरीकडे वळणार.

‘थॉम्पसन’ हे पात्र पत्रांतून जन्मले होते. नेल्सनच्या जहाजावर या नावाचा एक खलाशी आहे, त्याची बायको बाळंतपणासाठी लेडी हॅमिल्टन यांच्या देखरेखीखाली आहे, आणि त्या खलाशाचे निरोप ॲडमिरलसाहेब आपल्या पत्रातून कळवतात, अशी ही बतावणी. पत्र कुणी फोडले तरी काही हाती लागू नये म्हणून केलेली. पण नेल्सनला हे नाटक नीट जमत नसे. दोन ओळी थॉम्पसनबद्दल तृतीयपुरुषी लिहून तिसऱ्या ओळीत तो ‘मी’वर येई. मुलगी झाल्याचे कळल्यावर बिचारा थॉम्पसन आनंदाने वेडा होईल, असे लिहिणाऱ्याचा आनंद ओळीओळीतून बाहेर सांडतो. सोंग वठवणे हे एमाचे काम होते, ते सेनापतीला जमले नाही.

मत्सराचीही पत्रे आहेत. फेब्रुवारी १८०१ मध्ये सर विल्यमना युवराजाला जेवायला बोलवायचे होते. युवराजाला एमाचे गाणे ऐकायचे होते. बायकांच्या बाबतीत युवराजाची ख्याती काय होती हे सगळ्या लंडनला ठाऊक. कोपनहेगनच्या मोहिमेसाठी जहाजावर असलेला नेल्सन या बातमीने कासावीस झाला. दिवसाला दोन-दोन, तीन-तीन पत्रे त्याने लिहिली, त्यात विनवण्या आहेत, शिव्या आहेत, मग माफी आहे. याच महिन्यात व्यंगचित्रकार गिलरेने जाडजूड एमा खिडकीत उभी राहून निघालेल्या आरमाराकडे पाहत आक्रोश करते आहे असे चित्र छापले. रूपाचे, वजनाचे आणि ‘चारित्र्या’चे जाहीर वाभाडे कलावंत स्त्रीच्या वाट्याला येणे ही काही आजच्या समाजमाध्यमांची देणगी नव्हे.

टपाल कसे पोहोचत असे?

मे १८०३ पासून नेल्सन भूमध्य समुद्रात होता. दोन वर्षांहून अधिक काळ तो जवळजवळ जमिनीवर उतरला नाही. पत्रे जात ती इंग्लंडकडे निघालेल्या जहाजाबरोबर, वारा असेल तेव्हा. उत्तर यायला आठवडे, कधी महिने. एप्रिल १८०४ मध्ये ‘स्विफ्ट’ हे टपाल घेऊन येणारे छोटे गलबत फ्रेंचांनी पकडले. त्यात एमाची पत्रे होती. ती वाचून शत्रूला काय कळणार, तर आपले तुझ्यावर अतोनात प्रेम आहे आणि फ्रेंचांचा अतोनात तिटकारा आहे, एवढेच, अशा आशयाचा शेरा नेल्सनने तिला लिहिलेल्या पत्रात मारला.

हाच माणूस दुसरीकडे फार सावध होता. तुझी पत्रे मी वाचून जाळतो, तुझ्याच भल्यासाठी, तूही माझी जाळ, असे त्याने एमाला कळवले होते. त्याने शब्द पाळला. त्यामुळे तिची त्याला लिहिलेली पत्रे अगदी मोजकी उरली आहेत. तिने त्याचे ऐकले नाही. आज आपल्यासमोर असलेला पत्रव्यवहार असा एकतर्फी आहे. एमाचे म्हणणे बहुतेक वेळा नेल्सनच्या उत्तरावरून ताडावे लागते. इतिहासात ती इतकी वर्षे ‘नेल्सनची प्रेयसी’ एवढीच राहिली, त्यामागे ही आगही एक कारण आहे.

पत्र तिच्यापर्यंत कसे आले?

ऑगस्ट १८०५ मध्ये नेल्सन इंग्लंडला परतला. सर विल्यम १८०३ मध्येच वारले होते. लंडनजवळच्या मर्टन येथील घरात एमा आणि होरेशियाबरोबर त्याला जेमतेम २५ दिवस मिळाले. १३ सप्टेंबरच्या रात्री तो निघाला. जहाजावरील केबिनमध्ये त्याने एमाचे एक चित्र लावले होते. लढाईच्या सकाळी केबिनमधले सामान हलवताना, माझ्या या रक्षणकर्त्या देवदूताला जपून न्या, असे त्याने माणसांना सांगितल्याची आठवण नोंदलेली आहे. ते चित्र आता ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे.

२१ ऑक्टोबरला दुपारी सव्वाच्या सुमारास ‘रदूताब्ल’ या फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरून सुटलेली गोळी त्याच्या खांद्यातून शिरून कण्यात रुतली. साडेचारच्या सुमारास तो गेला. तोवर विजय झाल्याचे त्याला कळले होते. मरताना त्याने जहाजाचा कप्तान हार्डी याला लेडी हॅमिल्टनची काळजी घ्यायला सांगितले. बातमी लंडनला ६ नोव्हेंबरला पोहोचली. ‘व्हिक्टरी’ इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली ती डिसेंबरात, आणि तेव्हा ते पत्र आले.

पत्राच्या शेवटी, नेल्सनचा मजकूर जिथे संपतो त्याखाली, एमाच्या हस्ताक्षरात दोन नोंदी आहेत. हे पत्र त्याच्या मेजावर उघडे सापडले आणि कप्तान हार्डीने ते लेडी हॅमिल्टनकडे आणून दिले, ही एक. दुसरी म्हणजे स्वतःला अभागी, दीन म्हणणारी आणि नेल्सनला यशस्वी, सुखी म्हणणारी एक हाक. पहिल्या नोंदीत ती स्वतःचा उल्लेख पदवीने, परकेपणाने करते. एखाद्या कारकुनाने पावती लिहावी तसा. दुसरीत ती नुसती एमा आहे. मूळ पत्र आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहे.

नेल्सनने तिच्यासाठी काय ठेवले होते?

मृत्युपत्रानुसार मर्टनचे घर, दोन हजार पौंड आणि सिसिलीतील ब्राँटे जहागिरीच्या उत्पन्नातून वर्षाला पाचशे पौंड तिला मिळणार होते. खरे महत्त्वाचे होते ते लढाईच्या सकाळी, शत्रूची जहाजे समोर दिसत असताना, त्याने रोजनिशीत लिहिलेले मृत्युपत्राचे पुरवणी कलम. कप्तान हार्डी आणि कप्तान ब्लॅकवुड यांच्या साक्षीच्या सह्या त्यावर आहेत. एमाने देशासाठी काय केले हे त्यात सांगितले आहे : स्पेन ब्रिटनवर युद्ध पुकारणार असल्याची गुप्त वार्ता तिने १७९६ मध्ये नेपल्सच्या दरबारातून मिळवून दिली, आणि १७९८ मध्ये सिराक्यूज बंदरात आरमाराला पाणी, रसद मिळावी म्हणून राणीकडे शब्द टाकला. याबद्दल तिला बक्षीस मिळाले नाही. ते देणे आपल्या ऐपतीत असते तर देशाकडे मागितले नसते. म्हणून तिला आपण राजा आणि देशाच्या हवाली करत आहोत, असा त्याचा आशय आहे.

या दाव्यांत किती तथ्य आहे यावर इतिहासकारांत एकमत नाही. एमाने आपली कामगिरी फुगवून सांगितली असावी, असे बरेच जण मानतात. पण तिचा राणीवर प्रभाव होता आणि दूतावासाचे बरेच काम त्या मैत्रीच्या वाटेने होत असे, हे नाकारता येत नाही. पगारी राजदूताने तेच केले असते तर त्याला राजकारण म्हटले गेले असते. एवढे मात्र नक्की, की या कलमाला कायद्याने काही किंमत नव्हती. देश ही मृत्युपत्रातून बांधता येणारी गोष्ट नाही, आणि सरकारने ते कलम बाजूला ठेवले.

नेल्सनचा भाऊ विल्यम हा पाद्री. त्याला अर्ल ही पदवी आणि वर्षाला पाच हजार पौंडांचे वंशपरंपरागत वेतन मिळाले. हे वेतन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होते. ते थांबवण्यासाठी १९४७ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करावा लागला. पत्नी फ्रान्सिसला वर्षाला दोन हजार पौंड मिळाले आणि तिच्या बाबतीत ते न्याय्यच होते. नेल्सनने तिला दिलेली वागणूक काही भूषणावह नव्हती. ९ जानेवारी १८०६ रोजी सेंट पॉल्समध्ये सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. एमाला निमंत्रण नव्हते.

मग पत्रांचे आणि एमाचे काय झाले?

एमाला पैसा सांभाळता येत नव्हता हे खरे. मेजवान्या, नोकरचाकर, जुगार, नेल्सनच्या नात्यातल्यांची सरबराई; कर्ज वाढत गेले. १८०९ मध्ये मर्टन विकावे लागले. १८१३ मध्ये सावकारांनी तिला किंग्ज बेंच तुरुंगाच्या हद्दीत आणून ठेवले, सोबत बारा वर्षांची होरेशिया होती. ट्रफाल्गारला नेल्सनच्या अंगात असलेला, खांद्याला गोळीचे भोक असलेला कोटदेखील तिने एका धनकोकडे दिला. पुढे १८४५ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट याने तो विकत घेऊन ग्रीनिचला दिला.

१८१४च्या वसंतात लंडनच्या दुकानांत दोन खंडांचे पुस्तक आले : नेल्सनने लेडी हॅमिल्टनला लिहिलेली पत्रे. खाजगी, मत्सराची, प्रेमाची. ती आपण दिली नाहीत, आपल्याकडून गेली, असे एमाने कळवळून सांगितले. तिच्या मदतीने नेल्सनचे चरित्र लिहिणाऱ्या जेम्स हॅरिसन या लेखकावर संशय घेतला जातो. पण लोकांनी मानायचे ते मानले. बाईने मेलेल्या वीराची पत्रे विकली! ज्या थोड्या वजनदार लोकांना तिची कीव होती तेही दूर झाले. त्याच उन्हाळ्यात ती होरेशियाला घेऊन फ्रान्समधल्या कॅलेला पळाली आणि १५ जानेवारी १८१५ रोजी तिथेच वारली. वय पन्नाशीच्या आत.

पत्रांचा बाजार यानंतरही चालू राहिला. १८४९ मध्ये टॉमस पेटिग्रू याने नेल्सनच्या चरित्रात ‘थॉम्पसन’ पत्रे छापली आणि होरेशियाची आई कोण हे उघड झाले. आल्फ्रेड मॉरिसन या धनाढ्य संग्राहकाने जमवलेली पत्रे १८९३-९४ मध्ये छापली गेली, तेव्हा उरलासुरला वाद मिटला. मूळ कागद लिलावांतून जगभर पांगले. ती पत्रे एकत्र करून त्यांचा अभ्यासपूर्ण संच नेव्ही रेकॉर्ड्स सोसायटीने काढला तो थेट २०२० मध्ये. मधल्या काळात सिनेमाने आपले काम केले. १९४१च्या ‘दॅट हॅमिल्टन वुमन’मध्ये एमा झाली होती व्हिव्हियन ली, जन्म दार्जिलिंगचा. चर्चिल या चित्रपटाचे भक्त होते. हिटलरशी चाललेल्या युद्धात नेल्सनची आठवण त्यांना सोयीचीच होती.

होरेशियाने काय मानले?

कॅलेहून परतल्यावर होरेशिया नेल्सनच्या बहिणींकडे वाढली. तिने फिलिप वॉर्ड या पाद्र्याशी लग्न केले, मोठा संसार केला. नेल्सन आपले वडील होते हे तिने अभिमानाने मानले. एमाच्या शेवटच्या आजारपणात कॅलेला तिनेच सेवा केली होती, आणि आपली आई कोण हे तिने अनेकदा विचारले होते. एमाने सांगितले नाही. पेटिग्रूचे पुस्तक आल्यानंतरही एमा आपली आई असल्याचे तिने स्वीकारले नाही.

नेल्सनच्या पुरवणी कलमात तिचेही नाव होते. तिने नेल्सन हेच आडनाव लावावे, अशी त्याची इच्छा होती. तिच्यासाठीही सरकारने काही केले नाही. १८५४ मध्ये, ट्रफाल्गारला जवळपास पन्नास वर्षे होत आल्यावर, लोकांनी लावून धरल्याने तिच्या मुलींना राजकोशातून लहानसे वार्षिक वेतन सुरू झाले. होरेशिया ६ मार्च १८८१ रोजी लंडनजवळ पिनर येथे वारली. तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती.